अडीच तोळ्यांचा बाण

माझ्या डाव्या भुवईच्या वर एक बारीक पांढरा वण आहे. पाऊण इंचाचा असेल. कोल्हापूरला गेलो की आई त्यावरून बोट फिरवते आणि काहीच बोलत नाही. ते तंतूकाचेचं कुसळ अर्धा इंच खाली आलं असतं, तर चष्म्याच्या काचेवर आपटलं असतं, आणि त्या दिवशी मी चष्मा लावायचा कंटाळा केला असता तर थेट डोळ्यात गेलं असतं. ते कुसळ माझ्याच क्रॉसबोचं होतं, आणि ते उडालं माझ्याच चुकीने: बाण हलका होता, आणि तो किती हलका आहे हे मी पाहिलंच नव्हतं.

मी ओहायोमध्ये, कोलंबस शहराच्या कडेला राहतो. आमच्या शेजारी एक वयस्कर गृहस्थ आहेत. कारखान्यात साचे आणि हत्यारं बनवण्यात त्यांची हयात गेली. त्यांची नातवंडं हाक मारतात म्हणून आमची मुलंही त्यांना आजोबा म्हणतात, आणि आता आम्हीही. हरणाच्या शिकारीचा नाद मला त्यांनी लावला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा शब्दच गुन्ह्याच्या रांगेत जाऊन बसला, आणि ते योग्यच झालं. त्यामुळे पहिल्या वर्षी माझं मन कचरत होतं. इथली गोष्ट निराळी आहे, हे समजायला वेळ लागला. १९०४ च्या सुमाराला ओहायोत एकही रानटी हरीण उरलं नव्हतं. पुढे ती बाहेरून आणून सोडली, हंगाम आणि परवाने ठरवून जपली, आणि आज ती इतकी आहेत की सोयाबीनच्या शेताच्या कडा कुरतडलेल्या दिसतात आणि नोव्हेंबरात रात्री गाडी चालवताना हात स्टिअरिंगवर घट्ट ठेवावे लागतात. लांडगे आणि मोठी मांजरं इथून कधीच गेली. त्यांच्या वाटणीचं काम आता परवानाधारक माणूस करतो. त्यासाठी राज्याचा सुरक्षिततेचा अभ्यासक्रम करावा लागतो, परवाना आणि हरणाचं वेगळं परमिट घ्यावं लागतं, आणि दुसऱ्याच्या जमिनीवर जायचं तर मालकाची लेखी परवानगी खिशात असावी लागते. हे सगळं मी मन लावून केलं होतं. फक्त बाण तोलले नव्हते.

क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारख्या दस्त्यावर आडवं बसवलेलं धनुष्य. दोरी एकदा मागे ओढून खटक्यात अडकवली की बाण लावायचा, दुर्बिणीतून नेम धरायचा आणि चाप ओढायचा. माझ्या क्रॉसबोची ओढ १७५ पौंड, म्हणजे ऐंशी किलोच्या आसपास. नुसत्या हातांनी ती ओढणं अवघड; कप्प्यांची दोरी लावून ओढली की निम्मं बळ पुरतं. एवढी ताकद त्या दोन आखूड बाहूंमध्ये वाकून दबा धरून बसलेली असते आणि चाप ओढल्यावर डोळ्याचं पातं लवायच्या आत बाहेर पडते. तिला बाहेर पडायला वाट एकच, बाण.

हे मला गोफणीवरून पटलं. लहानपणी सुट्टीत मामांच्या शेतावर ज्वारीची राखण करायला बसायचो. मचाणावर उभं राहून गोफण फिरवायची आणि पाखरांवर दगड सोडायचा. दगड चांगला मुठीएवढा असला की हात हलका सुटायचा. चुकून भुसभुशीत ढेकूळ घातलं आणि ते गोफणीतच फुटलं, तर सगळा हिसका खांद्यात यायचा आणि संध्याकाळी मामी तेल चोळून द्यायची. धनुष्याचं तेच आहे. बाण पुरेसा जड असला की तो ताकद घेऊन निघून जातो. बाण हलका असला की तो लवकर निसटतो आणि उरलेली ताकद दोरीत, चाकांत, बाहूंमध्ये परत आदळते. बाणच नसला तर सगळीच्या सगळी. त्याला इथे ड्राय फायर म्हणतात, आणि एका ड्राय फायरने चांगलं धनुष्य निकामी होऊ शकतं. नव्या क्रॉसबोंमध्ये बाण लावल्याशिवाय चाप ओढलाच जाऊ नये म्हणून अडसर असतो. पण त्या अडसराला बाण आहे की नाही एवढंच कळतं. बाणाचं वजन त्याला कळत नाही.

आता माझे ते बाण.

२०२२ च्या उन्हाळ्यात आमच्याच वस्तीतल्या एका गराज सेलमध्ये मला सहा बाण मिळाले. वीस इंचांचे, काळे कार्बनचे, पाठीमागे अर्धचंद्राकृती खाच असलेला नॉक, तीन केशरी पिसं. सहाचे वीस डॉलर. विकणाऱ्याने सांगितलं, ‘क्रॉसबोचेच आहेत, मस्त जातात.’ बाणाच्या अंगावर पांढऱ्या अक्षरात ४०० असं छापलेलं होतं. माझ्या क्रॉसबोच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर ठळक चौकटीत इशारा होता: टोकासकट बाणाचं एकूण वजन ४०० ग्रेनच्या खाली नको. इथे ४००, तिथेही ४००. मी निवांत झालो.

परसात भुसा भरलेलं लक्ष्य ठेवलं होतं, वीस यार्डांवर. पहिले आठ बाण उत्तम गेले. नेहमीपेक्षा आवाज जास्त येतोय, दोरीचा ‘टप्प’ असा भरीव आवाज येण्याऐवजी ‘टणत्’ असा कोरडा येतोय, हे कानांनी टिपलं होतं. हातालाही मुंग्या येत होत्या. पण बाण इतके सरळ आणि इतके जलद जात होते की मी त्या आवाजाला वेगाचा आवाज समजलो. नवव्या बाणाला लाकूड फाटावं तसा कडाका झाला. डावा बाहू मधोमध उभा चिरला, दोरी चाकावरून सुटून लोंबकळली आणि कपाळावर काहीतरी जळजळलं. हात लावला तर रक्त.

आजोबा कुंपणापलीकडून धावत आले. त्यांनी आधी माझे डोळे पाहिले, एकेक पापणी उघडून. मग अंगठे पाहिले. क्रॉसबोच्या दस्त्यावर पुढच्या हाताचा अंगठा दोरीच्या वाटेत आला तर काय होतं, हे त्यांनी एका मित्राच्या बाबतीत पाहिलेलं आहे, ते त्यांनी मला नंतर सांगितलं. अंगठे शाबूत होते. मग ते चालत लक्ष्याजवळ गेले, बाण उपसून आणले, एक बाण दोन बोटांत धरून वरखाली केला आणि विचारलं,

‘हा तू तोललास?’

‘चारशेचा आहे,’ मी अंगावरचा आकडा दाखवला.

ते काही बोलले नाहीत. मला तळघरात घेऊन गेले. तिथे त्यांचं कामाचं टेबल आहे, आणि टेबलावर ग्रेनमध्ये वजन दाखवणारा एक इलेक्ट्रॉनिक काटा. बाण त्यावर आडवा ठेवला. आकडा आला ३२६.

‘ते चारशे म्हणजे बाण किती वाकतो त्याचा आकडा,’ ते म्हणाले. ‘किती जड आहे त्याचा नाही.’

मी इंजिनिअर आहे. तो क्षण मला आजही स्वच्छ आठवतो. कार्बनच्या बाणावर छापलेला आकडा बहुतेक वेळा त्याच्या ताठपणाचा असतो, त्याला स्पाइन म्हणतात. २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर नळी ठेवायची, मध्यावर १.९४ पौंडांचं वजन टांगायचं आणि ती किती झुकते ते मोजायचं. ०.४०० इंच झुकली की ती ४०० ची. आकडा लहान तितका बाण ताठ. वजनाशी त्याचा थेट संबंध नाही. माझ्या हातातले बाण मुळात साध्या, उभ्या धनुष्याचे होते. कुणीतरी ते वीस इंचांवर कापून, मागे क्रॉसबोचा नॉक ठोकून विकायला काढले होते. त्यात दुसरं दुखणं असं की ते बारीक होते. क्रॉसबोच्या बाणाची जाडी पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास असते, हे साडेसातचे. दस्त्यावरच्या पन्हळीत ते खोल बसत, त्यामुळे दोरी नॉकच्या मधोमध न लागता वरच्या अंगाला घासत होती. एखाद्या वेळी दोरी बाणावरून निसटून पुढे गेली असती, म्हणजे बाण लावलेला असूनही ड्राय फायर. आजोबांनी हे मला नॉकवरचा घासल्याचा व्रण नखाने दाखवून समजावलं.

क्रॉसबोची दुरुस्ती वॉरंटीत बसली नाही. बसायलाही नको होती. दोन्ही बाहू, दोरी आणि केबल बदलायला निम्म्या किमतीएवढा खर्च आला. बायकोने पैशांबद्दल चकार शब्द काढला नाही. टाके घालून आणल्यावर एवढंच म्हणाली, ‘बाबांना सांग. ते तोलण्यातले आहेत.’

माझे वडील कोल्हापूरच्या गुजरीत चाळीस वर्षं कारागीर होते. साज, बोरमाळ, ठुशी. आमच्या घरात वजन हा रोजच्या बोलण्यातला विषय होता. त्यांच्या लहानपणी गुंज, मासा, तोळा चालायचा. शहाण्णव गुंजांचा तोळा. पुढे सगळं ग्रॅमवर आलं आणि आता बाजारात तोळा म्हणजे सरळ दहा ग्रॅम धरतात. खरा जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. व्हिडिओ कॉलवर मी त्यांना वण दाखवला, मग ग्रेनचा हिशेब सांगायला लागलो, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं.

‘ग्रेन मला काय सांगतोस? एकशे ऐंशी ग्रेनचा तोळा. कंपनी सरकारने ठरवलेला.’

हे मला माहीत नव्हतं. १८३३ मध्ये कंपनी सरकारने तोळा १८० ग्रेनचा ठरवला आणि चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा पाडला. म्हणून तर जुने सराफ वजन म्हणून रुपयाच पारड्यात टाकत, रुपयाभार हा शब्द तिथला. ‘मग तुझं चारशे म्हणजे सव्वादोन तोळ्यांना जरा कमी. आणि तू घातलास पावणेदोनच्या थोडा वर. एवढी तूट एखाद्या डागात निघाली असती तर मालकाने मला दुकानात उभं केलं नसतं.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘त्या काट्याचा पासंग बघितलास का?’

पासंग म्हणजे दोन पारड्यांतला मुळातला फरक. तो आधी काढल्याशिवाय तोलायला घ्यायचं नाही, हा त्यांचा रोज सकाळचा पहिला नेम. इलेक्ट्रॉनिक काट्याला पारडी नसतात, पण त्यांचा प्रश्न बरोबर होता: हा काटा खरं बोलतो कशावरून? मी अमेरिकेला निघालो तेव्हा त्यांनी मला पंचम जॉर्जचा चांदीचा एक रुपया दिला होता. तो देवघरात ठेवलेला असतो. दुसऱ्या दिवशी तो घेऊन मी आजोबांच्या तळघरात गेलो. रुपया ठेवला. १७८.६. कडा झिजलेल्या आहेत, राजाच्या दाढीचे केस गुळगुळीत झालेत, दीड ग्रेनची झीज शंभर वर्षांत जायचीच. आजोबांनी आपलं पितळी प्रमाण वजन ठेवून पाहिलं, तेही बरोबर आलं. काटा खरा होता. ते दोन्ही म्हातारे एकमेकांना कधी भेटलेले नाहीत. पण त्या सकाळी आजोबांनी रुपया हातात घेऊन उलटसुलट पाहिला, खिशातल्या रुमालाने पुसला आणि म्हणाले, ‘तुझ्या वडिलांना सांग, त्यांचा काटा अजून चालतोय.’

मग आम्ही बाण जुळवायला बसलो, आणि ते दोन आठवडे मला त्या सबंध वर्षातले सगळ्यात आवडते आहेत.

बाणाचं वजन म्हणजे नुसत्या नळीचं वजन नव्हे. नळी, तिच्या पुढच्या तोंडात चिकटवलेला धातूचा इन्सर्ट, मागचा नॉक, तीन पिसं, टोक आणि गोंदसुद्धा, हे सगळं मिळून. पाकिटावर कधी नुसत्या नळीचा इंचामागचा आकडा असतो, कधी टोकाशिवायच्या बाणाचा, कधी सगळ्याचा. तीन पाकिटांवर तीन तऱ्हा. म्हणून आजोबांचा नियम असा की पाकीट वाचायचं जरूर, पण भरवसा काट्यावर. आम्ही क्रॉसबोसाठीच बनवलेली, योग्य जाडीची, इंचाला १२ ग्रेनची नळी घेतली. वीस इंचांचे २४० झाले. नॉक १४. पिसं तीन, सात-सात ग्रेनची, २१. टोक १०० ग्रेनचं. एवढ्याने ३७५ होतात. राहिला इन्सर्ट. ॲल्युमिनियमचा घेतला तर पंधरा-वीस ग्रेन, म्हणजे अजूनही किमान वजनाच्या खाली. पितळी घेतला तर ७५. बेरीज ४५०.

‘चारशे पुरे आहेत ना?’ मी विचारलं होतं. ‘चारशे म्हणजे कड्याची धार,’ आजोबा म्हणाले. ‘धारेवर कशाला चालायचं? एक पीस निघालं, एक टोक बदललं, की खाली.’

वडिलांना आकडा सांगितला तर ते लगेच म्हणाले, ‘बरोबर अडीच तोळे.’

वेगाचा मोह मात्र सहज सुटत नाही, आणि बहुतेक नवे लोक इथेच अडकतात, म्हणून जरा थांबून सांगतो. क्रॉसबोच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात सेकंदाला किती फूट ते छापलेलं असतं. माझ्या खोक्यावर ३७० होतं. तो वेग पुस्तिकेतल्या किमान वजनाच्या बाणाचा, ४०० ग्रेनचा. आम्ही ४५० चा बाण आजोबांच्या वेगमापकासमोरून सोडला, तर ३५१ भरला. एकोणीस फूट गेले म्हणून मी हळहळलो. आजोबांनी पेन्सिल काढली. वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०, म्हणजे फूट-पौंडांत ऊर्जा. हलक्या बाणाची १२१ आणि काही दशांश, जड बाणाची १२३. म्हणजे जड बाणाने धनुष्याकडून उलट जरा जास्तच घेतलं, मागे कमी ठेवलं. धनुष्यही त्यामुळे शांत झालं होतं, तो ‘टणत्’ आवाज गेला होता. आणि शरीरात शिरताना आतवर रेटा देतो तो संवेग, वजन गुणिले वेग. तो सहा-सात टक्क्यांनी वाढला. बदल्यात गमावलं काय? तीस यार्डांवर बाण सव्वा इंच खाली पडतो. दुर्बिणीचा स्क्रू थोडा फिरवला की तेही भरून निघतं.

हरणाच्या बाजूनेही तो हिशेब मला महत्त्वाचा वाटला. आवाज सेकंदाला साधारण ११२५ फूट जातो. तीस यार्डांवरच्या हरणाला दोरीचा आवाज एका सेकंदाच्या बाराव्या हिश्शात पोचतो, बाण पाव सेकंदाने. मधल्या वेळात दचकलेलं हरीण उडी मारायला अंग खाली दाबतं आणि बाण काळजाऐवजी पाठीला लागतो. दहा-वीस फुटांचा वेग वाढवून हे अंतर मिटत नाही. बाण कितीही हलका केला तरी तो आवाजाच्या पुढे जाणार नाही. म्हणून उपाय दोनच: धनुष्य कमी बोलणारं हवं, आणि हरीण जवळ यायला हवं. जखमी जनावर रानात सोडून देण्याइतकं वाईट काही नाही. ते टाळण्यासाठी सव्वा इंच ही किंमत मला फार थोडी वाटते.

याचा अर्थ बाण कितीही जड करावा असाही नाही. पुढे जास्तच वजन घातलं की पल्ला घटतो, आणि अंतराचा अंदाज पाच यार्डांनी चुकला तर नेमही चुकतो. आम्ही बाण पट्टीच्या धारेवर ठेवून तोल कुठे येतो ते पाहिलं. नॉकपासून १३.२ इंचांवर आला, म्हणजे मध्याच्या ३.२ इंच पुढे, लांबीच्या सोळा टक्के. डोकं जड, शेपूट हलकं, पिसं मागून सरळ ठेवतात. पुरे. काही जण मागे बॅटरीचा चमकणारा नॉक लावतात, अंधारात बाण सापडावा म्हणून. तो लावला तर वजन वाढतं पण मागे वाढतं, तोलही सरकतो. मी लावला नाही.

सहा बाण तयार झाले. एकेक तोलला. ४४९, ४५१, ४५०, ४५२, ४५०, ४४८. वडिलांच्या हिशेबाने चार ग्रेनांची तफावत म्हणजे दोन गुंजा. ते म्हणाले, ‘सोन्यात चालणार नाही. बाणात चालेल.’

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही हॉकिंग काउंटीत गेलो. कोलंबसहून ३३ नंबरच्या रस्त्याने लँकेस्टर ओलांडून लोगनकडे निघालं की सपाट शेतं मागे पडतात आणि डोंगर सुरू होतात. वालुकाश्माच्या कपारी, ओक आणि हिकरीची झाडं, खाली पानांचा गुडघाभर खच. आजोबांच्या ओळखीच्या शेतकऱ्याची जमीन. त्याच्या परवानगीचा कागद मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीच्या खिशात ठेवला होता. सोयाबीन निघालेलं, मका थोडा उभा. मका आणि रान यांच्या मधल्या पट्ट्यात, ओकखाली, कापडी आडोशात मी बसलो. आजोबा तीनशे यार्डांवर दुसऱ्या आडोशात.

बाण लावण्याआधीची माझी रीत आता ठरलेली आहे. कापसाचा बोळा घ्यायचा आणि नळीवरून टोकाकडून नॉककडे हळू फिरवायचा, चारही अंगांनी. कार्बनला कुठे बारीक चीर असेल तर कापसाचा एखादा तंतू तिथे अडकून राहतो. जे डोळ्याला दिसत नाही ते कापसाला सापडतं. मग हातमोजे घालून बाण दोन्ही टोकांना धरून जरासा वाकवायचा, कानाजवळ, करकर येते का ऐकत. मग नॉक सरळ आहे का पाहायचं, वेगळ्या रंगाचं पीस पन्हळीत खाली घालायचं, आणि बाण मागे सरकवत दोरीला टेकवायचा. पूर्ण टेकला पाहिजे, केसाएवढंही अंतर नको.

तिसऱ्या संध्याकाळी, पावणेपाचच्या सुमाराला, एक मादी मक्यातून बाहेर आली. ओकची फळं वेचत, पाच पावलं चालून थांबत, कान फिरवत. बावीस यार्डांवर ती आडवी झाली, पुढचा डावा पाय पुढे टाकला. माझा अंगठा कुठे आहे ते मी एकदा पाहिलं. मग चाप ओढला.

आवाज झाला तो दोरीचा, भरीव, पूर्वीसारखा. ती उडाली आणि रानात गेली. मी घड्याळ पाहिलं. अर्धा तास हलायचं नाही, हा आजोबांचा कडक नियम. घाईने मागे गेलं तर जखमी जनावर जीव तोडून पळत राहतं. तो अर्धा तास लांबला. माझे हात थरथरत होते. मी तिची क्षमा मागितली, मराठीत, मोठ्याने नाही.

आजोबा आले तेव्हा अंधारायला लागलं होतं. बाण पलीकडे पानांच्या खचात तिरका रुतलेला सापडला, आरपार गेलेला. पिसांवर गुलाबी, बुडबुडे असलेलं रक्त. ‘फुप्फुसं,’ आजोबा हळू आवाजात म्हणाले. ती साठ पावलांवर एका पडलेल्या झाडाच्या बुंध्याशी होती. डोळे उघडे, शांत. पुढची कामं, पोट साफ करणं, पायाला चिठ्ठी बांधणं, नोंद करणं, कंदिलाच्या उजेडात झाली. त्या हिवाळ्यात आमच्या आणि आजोबांच्या दोन्ही घरांत ते मांस पुरलं. बायकोने पहिल्या दिवशी त्याचा रस्सा केला आणि एक डबा कुंपणापलीकडे दिला.

आठवड्याने मी तो बाण कोमट पाण्याने धुतला, वाळवला आणि काट्यावर ठेवला. ४४६. जाताना ४५० होता. एका पिसाचा मागचा कोपरा फाटला होता, पात्याची धारही बरगडीवर थोडी झडली असावी. पीस नवं लावता आलं असतं, टोकही बदलता आलं असतं. सवयीने कापूस फिरवला. टोकापासून चार बोटांवर एक तंतू अडकला. बोळा मागे घेतला, पुन्हा फिरवला. पुन्हा तिथेच.

गराजमध्ये एका कोपऱ्यात ते जुने सहा बाण अजून उभे होते, केशरी पिसांचे, अंगावर ४०० छापलेले. आजोबांनी त्याच दिवशी सांगितलं होतं की कापून टाक. माझ्याच्याने झालं नव्हतं. दिसायला अगदी धडधाकट होते. मी तोंडाला मास्क लावला, कारण कार्बनची भुकटी छातीत जाऊ नये. लोखंड कापायची करवत घेतली आणि शिकंज्यात एकेक बाण धरून मधोमध कापला. आधी ते सहा, शेवटी अडीच तोळ्यांचा तो एक. चौदा तुकडे झाले. ते टेपने एकत्र गुंडाळले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले, कुणाच्या गराज सेलमध्ये ते पुन्हा उभे राहायला नकोत म्हणून.